मामाजींचा आल्प्स

भर मे महिन्यात लोकरीचे मोजे आणि घोट्याच्या वर येणारे जाड बूट घालून भाजी आणायला जाणारा माणूस पांढुर्ण्यात एकच होता, आणि तो माझा सासरा होता. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. बाजारात मी त्यांच्यासोबत असले की ओळखीच्या बायका माझ्याकडे दयेने बघायच्या. एखादा भाजीवाला विचारायचाच, "गुरुजी, पायाले काही झालं का?" मामाजी भेंड्या निवडता निवडता सांगायचे, "पायाले काही नाही झालं. बूट मुरवून राहिलो. घरी मुरवला तं पहाडावर चावत नाही."

कुठला पहाड, हे विचारायची चूक नवखा माणूस करायचा. मग त्याची सुटका नसे. वांग्यांच्या ढिगावर पिशवी टेकवून मामाजी बोटाने हवेत आल्प्सच्या रांगा काढायला लागत, आणि मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली असत. मी हळूच म्हणायची, "मामाजी, फोडणी करपते आहे घरी." ते म्हणायचे, "फोडणी दुसरी होईन सूनबाई, आल्प्स एकच हाय." आज हे आठवलं की आधी हसू येतं, आणि हसू ओसरलं की फार वाईट वाटतं.

मामाजी सौसरच्या शाळेत भूगोल शिकवत हेडमास्तर झाले आणि तिथेच निवृत्त झाले. मीही सौसरलाच शिकवते. त्यांचे विद्यार्थी आता माझ्या विद्यार्थ्यांचे बाप आहेत. पालकसभेला आले की पोराचे मार्क राहतात बाजूला आणि मामाजींच्या गोष्टी निघतात. आल्प्सचा धडा आला की ते सगळा वर्ग मैदानात उभा करायचे. उंच पोरं मधे, बुटकी कडेला, आणि स्वतः मामाजी छडी घेऊन त्या रांगांमधून, म्हणजे खिंडीतून जाणार. जो हलला तो हिमस्खलन, त्याला छडी. एक ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचा दुकानदार अजून छाती फुगवून सांगतो, "म्याडम, सरनं मले माँ ब्लाँ केलतं," म्हणजे आल्प्सचं सगळ्यात उंच शिखर.

जन्मभर आल्प्स शिकवलेल्या या माणसाने सातपुड्यापलीकडचा डोंगर पाहिलेला नव्हता. माझी नणंद लग्न होऊन ऑस्ट्रियात गेली आणि तिथून तिचा फोन आला, "बाबा, सगळे या, आपण पहाडात पायी फिरू," तेव्हापासून आमच्या घरात तयारी सुरू झाली. ती किती वर्षं चालली ते मी सांगत नाही. घरात दोन फ्रिज बदलले, मामाजींचे बूट मुरून मुरून तळ सुटले, दुसरे आले, तेही मुरले.

घोडं अडायचं ते महिन्यावर. तिगावला आमची संत्र्याची बाग आहे आणि तिथे मृगाचा बार घेतात. म्हणजे मे महिन्यात झाडांचं पाणी तोडायचं, त्यांना ताण द्यायचा. पावसाच्या तोंडावर पुन्हा पाणी मिळालं की झाड फुलून येतं, आणि फळ तोडणीला येतं ते थेट फेब्रुवारीत. एकदा बाग रिकामी झाली की मार्च तेवढा मोकळा. नणंद सांगायची, "बाबा, मार्चात वरच्या वाटा बर्फानं बंद राहते. जुलैत या ना." मामाजी फोनवरच उसळायचे, "जुलैत? झाडावर फूल असताना? तुले बागायतदाराची पोरगी कोण म्हणन?" त्यांना मार्च हवा होता आणि पहाडही उघडा हवा होता. आल्प्सने मृगाच्या बाराकडे पाहून आपला बर्फ वितळवावा, अशीच त्यांची अपेक्षा असावी.

आणि दुसरा नियम, "जाऊ तं सगळे जाऊ. नाही तं कोणीच नाही." सगळे म्हणजे मामाजी, आत्याबाई, आमचे हे आणि मी. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. या सगळ्या गोष्टीत ज्यांचं काही पणाला लागलेलं होतं, त्या एकट्या आत्याबाई. त्यांना पहाडाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना लेकीबरोबर चालायचं होतं. लेक कुठल्या रस्त्याने कामावर जाते, दूध कुठून आणते, एवढं पाहायचं होतं. भांडी विसळताना त्या मला म्हणायच्या, "पोरगी तिकडे कोणासंगं बोलत चालत असन, व?"

बोलत चालणं ही आत्याबाईंची हौस, आणि ती संसारात कधी पुरी झाली नाही, कारण मामाजी कायम पुढे चालायचे. आमच्याकडच्या जुन्या पुरुषांची ती रीतच होती, पण मामाजींनी तिचं शास्त्र केलं होतं. काठी टाकत, ताठ मानेने, मागे न बघता. आत्याबाई आपल्या रबरी चपला फटफटवत मागून. जे काही बोलायचं ते त्यांच्या पाठीशी. मी एकदा म्हटलं, "मामाजी, जरा थांबत जा त्यांच्यासाठी." ते म्हणाले, "थांबाचं काय काम? चपलीचा आवाज येऊन राहिला ना मागून. मतलब येऊन राहिली."

या शास्त्राची फजिती लोधीखेड्याच्या एका लग्नात झाली. जेवणं आटोपून मामाजी बसस्टॉपकडे निघाले, मागून चपलांचा आवाज. वाटभर ते बोलत होते. वरणात मीठ जास्त होतं, नवरदेवाचा बाप कंजूस आहे, आणि तू त्या लाल साडीवालीशी एवढा वेळ काय बोलत होतीस. बसस्टॉप आला तेव्हा मागून आवाज आला, "भाऊजी, ते लाल साडीवाली मीच होय. तुमची बायको मांडवातच राह्यली." पुढे कितीतरी दिवस आत्याबाई चपला फटफटवत घरात शिरल्या की आधी ओरडायच्या, "मीच होय जी!" मामाजी हसायचे, पण चाल काही बदलली नाही.

पहाडाची तयारी छिंदवाड्याच्या रस्त्यावरच्या सिल्लेवानी घाटात व्हायची. सुटीच्या दिवशी सकाळी बसने पायथ्याशी उतरायचं आणि चढायचं. पाठीवर पिशव्या, पिशव्यांत वजन म्हणून बागेतली बारीक, विकायला न जाणारी संत्री. मामाजींच्या गळ्यात शाळेतली शिट्टी. एक शिट्टी म्हणजे चला, दोन म्हणजे पाणी प्या, तीन म्हणजे वादळ, सगळे खाली बसा. त्या स्वच्छ उन्हात आम्ही तीन शिट्ट्यांना रस्त्याच्या कडेला उकिडवे बसायचो आणि ट्रकवाले गाडी हळू करून विचारायचे, "क्या हुआ भैया, तबियत खराब है क्या?"

वर पोचलं की मामाजी सोबत आणलेल्या काट्याला लावून प्रत्येकाची पिशवी तोलायचे. वाटेत संत्रं खाल्लेलं त्यांना चालत नसे. "झाडाले ताण देतो तं फुलते. माणसाचं बी तसंच हाय." आमचे हे आणि मी कसेबसे पास व्हायचो. आत्याबाई सगळ्यांच्या मागून, गुडघ्यावर हात ठेवत, आडव्या पावलांनी यायच्या, आणि त्यांची पिशवी रिकामी असायची. वाटेत बकऱ्या चारणाऱ्या बाया भेटल्या, त्यांच्या लेकरांना वाटली. थोडी माकडांना.

"नापास," मामाजी जाहीर करायचे. "गुडघे बी नापास अन् वजन बी नापास."

"नापास तं नापास," आत्याबाई पदराने घाम पुसत म्हणायच्या. "लेकरायनं खाल्ले ना."

मग मामाजी फोनवर नणंदेला कळवायचे की यंदा तुझ्या आईची तयारी झालेली नाही, पुढल्या मार्चात पाहू. हे ते रागाने सांगत नसत. त्यांना खरंच वाटायचं की आपण बायकोची काळजी घेतो आहोत. तिला मागे ठेवून जायचा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही, आणि तिच्या गुडघ्यांना झेपेल तेवढंच चालावं हा विचारही शिवला नाही. या दोन गोष्टींच्या मधे आत्याबाई अडकून राहिल्या. सपाटीवर त्यांना काहीच होत नसे, हे सांगायला हवं. तिगाव स्टेशनापासून बागेपर्यंत त्या डोक्यावर डबा घेऊन रोज जायच्या आणि वाटेत चार घरी बोलून यायच्या.

एका उन्हाळ्यात मामाजींनी बर्फावर उभं राहायचा सराव काढला. रसवंतीवाल्याकडून बर्फाची लादी आणली, पोत्यात गुंडाळलेली, भुसा लागलेली. अंगणात तुळशीजवळ ठेवली आणि शिट्टी फुंकली. आमचे हे उभे राहिले आणि तीन सेकंदांत उतरले. मी चप्पल काढायलाच तयार झाले नाही. आत्याबाईंनी साडी जराशी वर खोचली आणि अनवाणी त्या लादीवर चढल्या. पाय गार झाले तसा त्यांना हसू फुटलं. आमच्या घरात आल्यापासून मी त्यांना एवढं मोठ्याने हसताना पाहिलं नव्हतं. मामाजींचा खांदा धरून त्या डोलत होत्या आणि विचारत होत्या, "असंच राहते का जी तिकडे? असंच गार लागते का पोरीले?"

"याच्याहून गार," मामाजी म्हणाले.

"मंग चला ना यंदा. म्या उभी राह्यली ना, झाली ना पास?"

मामाजी म्हणाले, "बर्फात पास. चढणीत बाकी हाय." लादी संध्याकाळपर्यंत तुळशीत वितळून गेली.

त्याच वर्षी नणंदेने वाट शोधून काढली. व्हिडिओ कॉलवर तिने फोन फिरवून दाखवली. डोंगराच्या पलीकडे, इटलीच्या बाजूला, उतारावर जुने पाट काढलेले आहेत. सफरचंदाच्या बागांना वरच्या ओढ्यांचं पाणी नेणारे, आमच्या विहिरीच्या पाटासारखेच, फक्त कुठे दगडाचे, कुठे लाकडाचे. पाटाच्या कडेकडेने पायवाट. पाटाला उतार नावापुरता, म्हणून वाटही सपाट. मार्च सरताना तिथला बर्फ गेलेला असतो, वर शिखरांवर मात्र भरपूर. "आईसाठीच शोधली," ती म्हणाली. "चढच नाही, बाबा. जागोजागी बसाले बाक आहे."

आत्याबाईंनी चष्मा लावून फोन हातात घेतला. "अवं, हे तं आपला पाटच होय!" त्या इतक्या खूश झाल्या की फोन त्यांनी मला, मग ह्यांना, मग पुन्हा स्वतःला दाखवला. "आपला पाट, अन् वर बर्फ. जाऊ ना जी. हेच पाहू."

मामाजींनी फोन लांब धरून पाहिलं आणि चेहरा पाडला. "पाटाच्या कडेनं चालाले एवढ्या दूर कायले जाचं? तिगावच्या बागेत का पाट नाही? जन्मभर त्याच्याच कडेनं चाललो. पहाड म्हणजे पहाड पाहिजे." आम्ही हसलो, कारण ते बोलले होते खुमासदार. नणंदही हसली. आत्याबाई हसल्या नाहीत. त्यांनी एवढंच म्हटलं, "तुमी पहाड चढा, मी पाटावर पोरीसंगं बसतो."

"सगळे संगंच चढू," मामाजी म्हणाले. "तुझे गुडघे तयार होऊ दे."

गुडघे तयार व्हायची वेळ आली नाही. पावसाळ्यात, बागेत फूल भरात असताना, एका सकाळी आत्याबाईंच्या छातीत दुखायला लागलं. नागपूरला नेताना गाडीत त्यांनी माझा हात धरला होता. अर्धा रस्ता मागे पडला आणि तो हात सैल झाला. गुडघ्यांनी त्यांना शेवटपर्यंत दगा दिला नाही. त्या सकाळीही गाडीपर्यंत त्या आपल्या पायांनीच चालत आल्या होत्या, आणि मामाजी पुढे होते.

त्यानंतर मामाजींची शिट्टी खुंटीला राहिली. बूट पलंगाखाली गेले. ते बागेत जात, येत, विचारलं तेवढं बोलत. फेब्रुवारीत बाग उतरली आणि एका दुपारी जेवताना त्यांनी ताटावरून मान वर न करता सांगितलं, "पोरीले फोन लाव. येतो म्हण. ते पाटवाली वाट हाय ना, तिकडेच." आमचे हे म्हणाले, "बाबा, घाटात एकदा सराव?" मामाजी म्हणाले, "नाही."

त्या प्रवासातलं बाकीचं मला फारसं आठवत नाही. विमानात मामाजी खिडकीशी होते. खाली आल्प्स आला तेव्हा मी त्यांना हलवलं. जन्मभर शिकवलेला तो धडा ढगांच्या फटींतून उलगडत होता. त्यांनी पाहिला, मान हलवली आणि डोळे मिटून घेतले.

पाटाची वाट मात्र पूर्ण आठवते. एका बाजूला सफरचंदाची उघडी झाडं, फांद्यांवर नुकते फुगलेले डोळे. दुसऱ्या बाजूला पाट, हातभर रुंद, वाहता. मामाजींनी वाकून पाण्यात बोटं घातली आणि बागायतदाराच्या आवाजात म्हणाले, "आत्ता-आत्ताच सोडलं पाणी. काडीकचरा वरच तरंगून राहिला." कितीतरी दिवसांनी तो आवाज ऐकला म्हणून नणंद बापाचा दंड धरून चालायला लागली.

थोडं पुढे पाटात एक लहानसं लाकडी चाक होतं. पाण्याने ते फिरायचं आणि प्रत्येक फेऱ्याला त्याची दांडी एका घंटेवर पडायची. ठण. थोड्या वेळाने पुन्हा ठण. नणंदेने सांगितलं, पूर्वी पाटाची राखण करणारा खाली आपल्या झोपडीत असायचा. घंटा वाजते आहे म्हणजे पाणी वाहतं आहे. वर पाट फुटला, पाणी थांबलं, की घंटा बंद. मग तो पळत यायचा.

मामाजी तिथेच उभे राहिले. आम्ही दहा पावलं पुढे गेलो, परत आलो, तरी ते घंटा ऐकत उभे. आमचे हे म्हणाले, "चला ना बाबा." मामाजी म्हणाले, "आवाज येऊन राहिला तोवर त्याले पाहा लागत नसन."

तेवढ्यात समोरून दोन म्हाताऱ्या आल्या. आत्याबाईंपेक्षा पुष्कळ थकलेल्या. एकीची पाठ पार वाकलेली, दोघींच्या हातात काठ्या, पायांत साधेच बूट. एकमेकींशी अखंड बोलत होत्या. आमच्याकडे पाहून हसल्या, काहीतरी शुभ बोलल्या आणि मागच्या बाकावर जाऊन बसल्या. पिशवीतून त्यांनी खायचं काढलं आणि बोलणं पुढे चालू ठेवलं.

मामाजी त्यांच्याकडे बघत राहिले. मग पाटाच्या काठावर, ओल्या गवतात, आहे त्या कपड्यांनिशी खाली बसले. "हे तं तुही माय आरामात चालली असती," ते नणंदेला म्हणाले.

"मी सांगितलं होतं ना बाबा, वाट सपाट आहे म्हणून." तिला ते बोलायचं नव्हतं, पण ते तोंडातून गेलंच, आणि ती रडायला लागली.

"सांगतलं होतं. तिनं बी सांगतलं होतं." मामाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मले पहाड पाहिजे होता." वर पहाड उभाच होता, पांढराशुभ्र, मैदानात उभ्या केलेल्या त्या रांगांहून कितीतरी उंच. त्यांनी त्याच्याकडे एकदाही मान वर करून पाहिलं नाही.

परत आल्यावर मामाजींनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे बागेतला जुना पाट उकरायला घेतला. ठिबक आल्यापासून तो गवताने बुजून गेला होता. गडी लावून त्यांनी तो विहिरीपासून बांधापर्यंत साफ केला, कडा चोपून घेतल्या आणि पाणी सोडलं. आमचे हे वैतागले. "बाबा, ठिबक असताना पाटानं पाणी कायले देऊन राहिले?"

"झाडाले नाही देऊन राहिलो," मामाजी म्हणाले. "बाजूनं चालाले पाहिजे."

मग ते रोज संध्याकाळी पाटाच्या कडेने चालायला लागले. पलंगाखालचे बूट त्यांनी पुन्हा बाहेर काढले नाहीत. आत्याबाईंच्या होत्या तसल्याच रबरी चपला त्यांनी बाजारातून आणल्या होत्या. लोकांनी याच्यावरही विनोद केले असतील, पण माझ्यापर्यंत आले नाहीत. मामाजी जाईपर्यंत हा नेम चालला.

एका संध्याकाळी शाळेतून मी परस्पर तिगावला उतरले आणि त्यांच्यासाठी चहाचा थर्मास घेऊन बागेत गेले. ते निघायच्याच बेतात होते. मी नेहमीप्रमाणे थांबले, ते पुढे होतील म्हणून. मामाजींनी हाताने वाट दाखवली. "तू समोर चाल, सूनबाई. मी येतो मागून."

इतक्या वर्षांत मी त्यांच्या पुढे कधी चालले नव्हते. मला ते अवघड वाटत होतं. पाठीमागे चपलांचा फटफट आवाज येत होता, बाजूला पाणी वाहत होतं. झाडांचा ताण सुरू होता, पाटाचं पाणी त्यांच्यापर्यंत जात नव्हतं, पानं मलूल होती. थोडं गेल्यावर आवाज थांबला. मी वळून पाहिलं. मामाजी पाटाच्या कडेला उभे होते, माझ्याकडे पाठ करून. तेही मागे वळून पाहत होते.